माजघर कुणाचं?

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेवर दलित नियतकालिकात कशाला लिहायचं, असं आपल्यातले काही जण म्हणतील. शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरती बंद आहे, गावोगाव मारझोड चालू आहे आणि ही बाई मालिकेवर कागद नासते. त्यांना एकच सांगते. मनुस्मृती हातात घेऊन आपल्या वस्तीत कुणी येत नाही. टीव्ही रोज येतो. आता तर तो मोबाईलमधून उशाशी झोपतो. कोण माणूस आणि कोण नुसता मागचा पडदा, हे तो शिकवतो, आणि हसवत हसवत शिकवतो. रडवून शिकवलेलं माणूस विसरतो. हसवून शिकवलेलं अंगात मुरतं.

म्हणून 'दिल दोस्ती दुनियादारी'. झी मराठीवर मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६ ही मालिका चालली. मुंबईतला एक फ्लॅट, त्यात सहा जण. कैवल्य, सुजय, आशुतोष हे तीन पोरं आणि रेश्मा, मीनल, ॲना ह्या तीन पोरी. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे ही नटमंडळी. कॉलेजातल्या पोरापोरींनी ती डोक्यावर घेतली. २०१७ साली त्याच धर्तीवर 'दिल दोस्ती दोबारा' आली. पहिलीचे भाग पोरी अजून मोबाईलवर बघतात. आमच्या गिरणीतल्या पोरीसुद्धा. मीही बघितले आणि हसले. हसले म्हणूनच लिहिते. जे आवडत नाही त्याला शिव्या घालणं सोपं आहे. जे आवडतं त्याची झडती घ्यावी लागते.

आधी द्यायचं ते श्रेय देऊन टाकू. त्या काळात मराठी मालिकेतली बाई म्हणजे सून. तिला मैत्रीण नसायची, जाऊ असायची. जाऊ म्हणजे विष कालवणारी. बाई बाईची वैरीण, ह्या एका खोट्या म्हणीवर कितीतरी वाहिन्यांची दुकानं चालली. तिथं ही रेश्मा आली. लग्न होऊन नवऱ्याकडं मुंबईला आलेली पोरगी. बघते तर नवरा दुसऱ्या बाईबरोबर राहतोय. ती विहिरीत उडी घेत नाही, देवीला नवस करत नाही, नवऱ्याच्या पायाही पडत राहत नाही. ती सहा जणांच्या घरात राहायला लागते. तिला सावरतात ते नात्याचे नसलेले लोक. मीनल तोंडाची फटकळ, पण पाठीशी उभी राहणारी. पोरगा आणि पोरगी एका घरात राहिली की 'लफडं'च, हे गणित त्या मालिकेनं मोडलं. हे लहान काम नव्हे. ज्या घरात रोज रात्री सासूचं कटकारस्थान चालायचं, त्या घरात पोरींनी आईबापाच्या शेजारी बसून हे पाहिलं. 'लग्न मोडलं तरी बाई जगते' एवढं वाक्य तरी भिंतीवर लिहिलं गेलं.

पण भिंत कुणाची, हे बघायला नको?

त्या फ्लॅटचं नाव 'माजघर'. नाव ठेवणाऱ्याला वाटलं असेल, किती उबदार शब्द, आजीची आठवण देणारा. दोस्तहो, आपल्या आज्यांना विचारा माजघर म्हणजे काय. वाड्याची ओटी, ओटीच्या आत माजघर, त्याच्या आत सैपाकघर आणि देवघर. आपली आजी अंगणापर्यंत जायची. सरपण टाकायचं, शेण काढायचं, वरून ओंजळीत पाणी घ्यायचं नि परत फिरायचं. माजघर तिनं लांबून पाहिलेलं, उंबऱ्याच्या आतला नुसता अंधार. एकाची ऊब ती दुसऱ्याची हद्द. मालिकेनं शहरातल्या मैत्रीला नाव शोधलं आणि हाताशी आलं ते वाड्याचं नाव. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं नाही हेच तर दुखणं आहे. ज्याला हद्द कधी लागलीच नाही त्याला ती शब्दातही दिसत नाही.

आता आडनावं. इनामदार, कारखानीस, साठे, शेवाळे, मॅथ्यूज. रेश्मा इनामदार. इनाम कुणी दिलं, कुणाच्या कष्टावर दिलं, हा आपला जुना प्रश्न. तो बाजूला ठेवू. साठे घ्या. पुण्याच्या पेठेत साठे आहेत, आणि वाटेगावात जन्मून, घाटकोपरच्या चिरागनगरात राहून 'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊही साठेच. शेवाळे हे आडनावही एका जातीचं नाही. म्हणजे ह्या घरात आपलं माणूस बसलेलं असू शकतं. आडनावाला दार उघडं होतं. पण सुजय कुठला साठे, हे विचारायची गरजच पडत नाही. बोलण्याच्या वळणावरून, घरच्यांच्या तऱ्हेवरून प्रेक्षकाला न सांगता कळतं. आणि मीनल शेवाळेची फटकळ जीभ हा तिचा 'स्वभाव' म्हणून येतो. ती जीभ कुठल्या गल्लीत तासली गेली, कुणाशी भांडून धारदार झाली, ह्याचा पत्ता नाही. पांढरपेशा विनोदाची ही युक्ती ओळखा. माणसाला इतिहास द्यायचा नाही, स्वभाव द्यायचा. एक खादाड, एक रागीट, एक भोळी, एक गप्प. मग भांडण होतं ते स्वभावांचं आणि मिटतं ते चहाच्या कपावर. जातवर्गाचं भांडण चहावर मिटत नाही, म्हणून ते घरात घ्यायचंच नाही.

खोली भाड्यानं घेणं ही मालिकेत गंमत आहे. आमच्याकडं काय आहे ते सांगते. आम्ही तिघी, वसई पूर्वेच्या एका गिरणीत कामाला. नालासोपाऱ्यात मिळून खोली बघत होतो. एका चाळमालकानं आधी डिपॉझिट सांगितलं, मग गाव विचारलं, मग आडनाव, मग 'भिंतीला फोटो कुणाचा लावणार' असं हसत हसत विचारलं. आम्हीही हसलो. फोटो सांगितला. दुसऱ्या दिवशी खोली 'पुतण्याला दिली' होती. आता सांगा, ह्या प्रसंगात विनोद नाही? भरपूर आहे. ज्याला चांगलं लिहिता येतं त्याच्या हातात हा प्रसंग द्या, पोट धरून हसवील आणि हसताना घशात काटा अडकवील. पण सहा जणांच्या घरात हा दरवाजा वाजतच नाही. तिथं मैत्री सुरू होते ती खोली मिळाल्यानंतर. आपली मैत्री सुरू होते खोली नाकारली गेल्यावर, फुटपाथवर, वडापाव तिघींत वाटून खाताना.

दुसरं, काम. मराठीत 'पाळी' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. गिरणीतल्या पोरीला दोन्ही पाळ्या एकाच दिवशी सांभाळाव्या लागतात. उभ्यानं आठ तास, वर ओव्हरटाईम, संडासाला जायचं तर मुकादमाला विचारून. अशा वेळी शेजारच्या मशीनवरची पोरगी दोन मशीनवर लक्ष ठेवते आणि म्हणते, जा गं, मी बघते. ह्याला मी मैत्री म्हणते. टीव्हीतल्या मैत्रीत सोफा असतो. सहा माणसं सोफ्यावर रेलून तासन् तास बोलतात. आपल्या मैत्रीला बसायला जागा नाही म्हणून ती उभ्या उभ्या होते. मशीनच्या आवाजात ओठ वाचून होते. ज्या मैत्रीला दमणं माहीत नाही, ती मैत्री खोटी नसेल, पण अर्धी आहे.

रेश्माचं गुपित हा मालिकेचा मोठा धागा. नवऱ्यानं टाकलं हे घरच्यांपासून लपवायचं. कुणी पाहुणा आला की सगळ्यांची धावपळ, सोंगं, थापा. हसू येतं खरं. पण विचारा, हे लपवणं कुणाच्या संस्कृतीतलं? आपल्यात आणि इतर कष्टकरी जातींत काडीमोड होता, पाट होता. नवरा नीट नांदवत नसेल तर बाई माहेरी यायची, पंचात उभी राहायची, चार माणसांत बोलायची. त्यात अन्याय नव्हता असं नाही, पुष्कळ होता. पण बाईचं मोडलेलं लग्न झाकून ठेवायचं भांडं नव्हतं. लाजेची ही झाकपाक वरच्या घरांची. मालिका ती सगळ्या मराठी माणसाची संस्कृती म्हणून वाटते. आणि वाईट गोष्ट अशी की आपणही ती उचलतो आहोत. चार पैसे आले, फ्लॅट झाला, की आपल्याही घरात 'लोक काय म्हणतील' सुरू होतं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस हजारांच्या वर बाया जमल्या. तिथं बाबासाहेबांनी पोरींना सांगितलं की लग्न झाल्यावर नवऱ्याची गुलाम होऊ नका, त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा. म्हणजे मैत्री हा शब्द आपल्या चळवळीनं घराच्या आत, थेट नवराबायकोच्या मध्ये आणून ठेवला होता. मालिकेच्या ७३ वर्षं आधी. रेश्माला मित्र मिळाले ते घराबाहेर. बाबासाहेब घरातच मैत्री मागत होते. कोण पुढं होतं, तुम्हीच ठरवा.

ॲना मॅथ्यूजबद्दल वसईच्या माणसाला बोलावंच लागेल. पडद्यावरची ख्रिस्ती पोरगी म्हणजे वेगळी, थोडी परकी, हा हिंदी सिनेमानं पाडलेला साचा. ही मालिका त्या मानानं सभ्य, तिनं ॲनाला फ्रॉक घालून नाचवलं नाही. पण तिच्या वाट्याला मुळं आली नाहीत. आमच्याकडं या. निर्मळ, नंदाखाल, गास ह्या भागात सामवेदी ख्रिस्ती बायका कादोडी बोलतात, ती मराठीचीच बोली. म्हाताऱ्या अजून लाल लुगड्यात दिसतात. ह्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, ते २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे मराठी ही एका धर्माची, एका पेठेची नाही, हे सांगायला आम्हाला मुंबईच्या स्टुडिओची गरज नाही. लोकलनं विरारपर्यंत आलं तरी पुरे.

बाकीच्या विनोदाचं काय? 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून दहा वर्षं चाललं. त्यात भाऊ कदम, सागर कारंडे साडी नेसून आले की थिएटर कोसळायचं. नट म्हणून ते पट्टीचे, त्यात वाद नाही. पण एवढी वर्षं मराठी माणसाला हसायला बाई लागली आणि बाईला मात्र स्वतः हसवायची पाळी उशिरा मिळाली. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ ला सुरू झाली. त्यात नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब ह्यांनी ती जागा हिसकावून घेतली. चाळीतली, खाडीकाठची, कामाला जाणारी बाई त्यांनी ठसक्यात उभी केली. तरी तिथंही अधूनमधून जाडीवर, रंगावर, बोलण्याच्या ढंगावर विनोद येतोच. बाईनं स्वतःवर केलेला विनोद आणि तिच्यावर लिहून दिलेला विनोद ह्यात फरक आहे. पहिल्यात ती उभी असते, दुसऱ्यात आडवी पडलेली असते.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. 'दिल दोस्ती'ची तुलना सगळे 'फ्रेंड्स'शी करतात. सहा मित्रांची ती मालिका सप्टेंबर १९९४ ला सुरू झाली नि २००४ पर्यंत चालली. न्यूयॉर्कसारखं शहर आणि सहाच्या सहा गोरे. पण तिच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९९३ ला, 'लिव्हिंग सिंगल' नावाची मालिका सुरू झाली होती. तिच्यातही सहा तरुण, चार पोरी दोन पोरं, सगळे काळे, ब्रुकलिनमध्ये राहणारे. लिहिणारी, उभी करणारी काळी बाई, इव्हेट ली बाउझर. आणि त्यातली मुख्य पोरगी खदिजा, क्वीन लतिफानं केलेली, ती काय करते माहीत आहे? स्वतःचं मासिक चालवते. हे वाचणाऱ्या तुम्हाला, स्टेन्सिलची शाई बोटाला लागलेल्या तुम्हाला, ह्याचा अर्थ कळेल. त्या पोरी एकमेकींना टोमणे मारतात, पुरुषांवर हसतात, नोकरीवर चिडतात आणि कुठंही काळेपण झाकत नाहीत. मिरवतही नाहीत. त्या काळ्या आहेत, जसं पाणी ओलं आहे. ती मालिका १९९८ ला संपली. जगभर गाजली ती दुसरी. पुढं २०२२ साली 'फ्रेंड्स'च्या निर्मात्यांपैकी मार्टा कॉफमन ह्या बाईनं जाहीर खंत व्यक्त केली आणि एका विद्यापीठाला काळ्यांच्या अभ्यासासाठी ४० लाख डॉलर दिले. चांगलं केलं. पण अठ्ठावीस वर्षं लागली. आपल्याकडं अशी खंत व्यक्त करायला कोण, कधी येणार आहे, त्याची वाट बघत बसायचं नाही. १९७२ ला आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव काळ्यांकडून घेतलं ते राग शिकायला. त्यांच्या पोरींकडून हसणं शिकायचं राहून गेलं.

इथं मला आपल्या माणसांशीही भांडायचं आहे. टीव्हीनं आपली पोरगी दाखवली नाही ही तक्रार खरी. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली, वस्त्या-वस्त्यांत लोकांनी ती एकत्र बसून पाहिली. बाबासाहेब आले, बाबासाहेबांची नात मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आली नाही. २०२३ मध्ये 'मेड इन हेवन'च्या एका भागात नीरज घायवाननं बौद्ध पद्धतीचं लग्न दाखवलं, दलित नवरी ताठ मानेनं दाखवली. अंगावर काटा आला. पण ती गंभीर कथा. हसणारी पोरगी कुठं आहे? आणि आपण तरी कुठं लिहिली? आपल्या कवितेत बाई येते ती आई म्हणून, डोक्यावर भारा घेतलेली. नाही तर प्रेत म्हणून. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. प्रियंका भोतमांगेवर आपण शेकडो कविता लिहिल्या, लिहायलाच हव्या होत्या. पण ती शाळेत जात होती, तिलाही मैत्रिणी असतील, त्यांच्यात ती कशावर तरी खिदळत असेल, हे कुणी लिहिलं? मारणाऱ्यांनी तिचं आयुष्य घेतलं. आपण तिला फक्त मरणात ठेवलं. सभेत पोरींनी प्रतिमेला हार घालायचा, स्वागतगीत म्हणायचं, चहा द्यायचा. आणि विनोद फक्त शाहिरांनी, पुरुषांनी करायचा. मग टीव्हीवाल्याला कुठल्या तोंडानं विचारायचं?

असं नाही की आपल्याकडं वाट दाखवणारं कुणी नाही. उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. त्यात दुःख आहेच, पण कोकणातल्या बाया बाजाराला निघालेल्या, चढण चढताना एकमेकींची थट्टा करणाऱ्या, अशाही आहेत. त्यांनी आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं आणि चळवळीतल्या बायांना त्यांच्या नावांनिशी उभं केलं. पुढची फळी आपली. नावं आली, आता त्यांचं हसू यायला हवं.

आणि माल किती पडला आहे! विरार लोकलचा लेडीज डबा घ्या. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, १९९३ ला ती विरारपर्यंत आली. त्या डब्यात रोजची जी दोस्ती चालते ती कुठल्या माजघरात मावणार नाही. भाजी निवडणं, चौथ्या सीटवरून भांडण, कुणाच्या पोराची फी, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं पोलीस स्टेशन. गुजराती, आगरी, उत्तर भारतीय, कोळीण, आपली. हळदीकुंकू डब्यात होतं. चौदा एप्रिलचे पेढेही होतात, आणि ते घेताना कोण हात पुढं करतं, कोण 'उपास आहे' म्हणतं, हे आपल्या पोरी बरोबर टिपतात. नंतर त्या नक्कल करतात. ती नक्कल पाहा एकदा! असा विनोदी लेखक मराठी टीव्हीला मिळाला नाही. तो आमच्या मशीनवर दोरा तुटला की गाठ मारतोय.

शेवटची गोष्ट सोपाऱ्याची. नालासोपाऱ्याचा स्तूप, लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणला. आत दगडी पेटी निघाली, त्यात बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ती. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या, आठवी अजून यायच्या बुद्धाची, मैत्रेयाची. मैत्री ज्याच्या नावातच आहे तो आपल्या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर शेकडो वर्षं पुरलेला होता. बाबासाहेब धम्माबद्दल लिहिताना प्रेमाहून, करुणेहून मैत्री मोठी मानतात, कारण ती माणसामाणसात अडत नाही, सगळ्या जिवांपर्यंत जाते. आपल्याकडं मैत्री ही करमणूक नाही, तत्त्व आहे. सोफ्यावरच्या गप्पांपेक्षा तिचं माप मोठं. त्या मापानं मोजलं तर 'दिल दोस्ती दुनियादारी'नं दोस्ती दाखवली, दिल दाखवलं, पण दुनियादारी दाराबाहेर ठेवली. दुनिया म्हणजे आपण.

तर पोरींनो, लिहा. कविता लिहाच, पण एकांकिका लिहा, प्रहसनं लिहा, मोबाईलवर दोन मिनिटांचं नाटुकलं करा. खोली नाकारणारा मालक, 'उपास आहे' म्हणणारी बाई, मुकादम, आणि भाषणात 'माता-भगिनी' म्हणून घरी बायकोला चहा मागणारा आपला नेता, सगळे त्यात घ्या. कुणाला सोडू नका. पण एक पथ्य पाळा. खालच्यावर हसायचं नाही, वर बघून हसायचं. आणि पोरांनो, पोरी प्रयोग करतील तेव्हा पुढच्या रांगेत बसा, आणि तुमची नक्कल आली की सगळ्यात मोठ्यानं तुम्ही हसा.

माजघर त्यांनाच लखलाभ. आपण अंगणात बसू. अंगणात जागा जास्त असते.

जय भीम.